वसईचे ख्रिस्ती जन : एका जुन्या मंडळीच्या पिढ्यांची हकीकत

देवळाचा महोत्सव आला म्हणजे आपण प्रथम भिंतींस चुना देतों, वेदीवर नवीं वस्त्रें घालतों, आणि मग स्मरणपुस्तिकेंत पहिला दगड कोणत्या सालीं बसला व कोणत्या धर्मगुरूंच्या कारकीर्दींत मनोरा उभारला यांची यादी छापतों. तें सर्व योग्यच आहे. परंतु देऊळ म्हणजे केवळ चुना व दगड नव्हे. त्यांत पिढ्यान् पिढ्या येऊन गुडघे टेंकणारी जी मंडळी, तीच खरें देऊळ होय. आमचा हा धर्मग्राम म्हणजे वसईच्या जुन्या ख्रिस्ती वृक्षाची एक फांदी. फांदीचा उत्सव करतांना खोडाची व मुळांची आठवण न ठेवणें ही कृतघ्नता होईल. म्हणून ज्यांचीं नांवें कोणत्याही संगमरवरी पाटीवर कोरलेलीं नाहींत, अशा आपल्या वाडवडिलांविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांबरोबरच प्रथम आला अशी पुष्कळांची समजूत आहे. ती सर्वस्वीं खरी नाहीं. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन संन्याशांस हौतात्म्य आलें, तेव्हां त्यांचे सोबती जॉर्डानस नांवाचे डोमिनिकन संन्यासी यांनीं त्यांचे देह आपल्या सोपाऱ्यास आणून पुरले. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं तेथून गेलेल्या ओडोरिक नांवाच्या प्रवाशानें ठाण्यास नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें असल्याचें लिहून ठेविलें आहे. पंधरा घरें म्हणजे कांहीं मोठी वस्ती नव्हे. परंतु ज्या भूमीस आपण आपली म्हणतों तिची ओळख किती जुनी आहे, हें त्यावरून ध्यानीं यावें.

तथापि आजच्या आमच्या मंडळीचा उगम पोर्तुगीज अमदानींतला, हें खरेंच. १५३४ सालच्या डिसेंबर महिन्यांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगिजांस तहानें दिला. मागोमाग अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन संन्याशांनीं खेड्यापाड्यांतून हिंडून देवळें, शाळा व अनाथ मुलांसाठीं आश्रम उभारण्यास आरंभ केला. पुढें जेज्वीट आले, डोमिनिकन आले, ऑगस्टिनियन आले. संत फ्रान्सिस झेवियर यांचेही पाय या भूमीस लागले. किल्ल्याच्या आंत उंच कमानींचीं देवळें व मठ झाले, आणि त्यांच्या सावलींत पोर्तुगीज सरदारांचे वाडे झाले. आपले पूर्वज मात्र बहुतेक तटाच्या बाहेर होते: निर्मळ, सांडोर, नंदाखाल, आगाशी, गास, माणिकपूर अशा गांवांतून शेती, बागाईत व मासेमारी करणारे.

त्या काळच्या धर्मांतराविषयीं लिहितांना लेखणी अडखळते, हें कबूल करणें प्रामाणिकपणाचें होईल. कांहीं जन संन्याशांची सेवावृत्ति पाहून आले, कांहीं दुष्काळांत अन्न मिळालें म्हणून आले, कांहीं राज्यकर्त्यांच्या धाकानें आले. राजसत्ता व धर्मप्रचार एकाच गाडीस जुंपले गेल्यावर त्या गाडीच्या चाकांखालीं कित्येक जुनीं देवस्थानें मोडलीं, यांत शंका नाहीं. आपल्या शेजारच्या हिंदु बांधवांस त्याची वेदना असल्यास ती आपण समजून घेतली पाहिजे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पहिली पिढी कोणत्याही कारणानें आली असो. तिसरी, पांचवी, दहावी पिढी जी टिकली ती धाकानें टिकली नाहीं. धाक घालणारे निघून गेल्यावरच तर तिची खरी परीक्षा झाली. ती हकीकत पुढें येईल.

तत्पूर्वीं एका पुत्राचें स्मरण केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. वसईंत सोळाव्या शतकाच्या मध्यास एका पोर्तुगीज पित्याच्या व येथल्या देशी मातेच्या पोटीं गोन्सालो गार्सिया जन्मास आले. लहानपणीं जेज्वीट धर्मगुरूंच्या हाताखालीं शिकले, कोवळ्या वयांत त्यांच्याबरोबर जपानास गेले, तेथली भाषा इतकी चांगली आत्मसात केली कीं मोठमोठ्यांस त्यांच्यावांचून चालेना. मध्यंतरीं व्यापार केला, पैसाही मिळविला. आणि मग तो सारा बाजूस ठेवून मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले. पुरोहित झाले नाहींत, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. १५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत गेले. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेंकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर टांगले जाऊन भाल्यांनीं विद्ध झाले. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. भारतभूमींत जन्मलेल्या माणसास मिळालेलें तें पहिलेंच संतपद.

संतांची मूर्ति आज कितीतरी घरीं आहे. परंतु आमच्या मनांत वारंवार येतें तें त्यांच्या मातेविषयीं. जपानांतील दरबारीं बोलणाऱ्या या पुत्राच्या जिभेस पहिले शब्द तिनें शिकविले असतील, आणि ते येथल्याच बोलींतले असतील. तिच्यासारख्या मातांवरच पुढील सर्व इतिहास उभा आहे.

आतां १७३९ सालाकडे वळूं. ठाणें व साष्टी दोन वर्षांपूर्वींच मराठ्यांच्या हातीं गेलीं होतीं. त्या सालीं चिमाजी आप्पांनीं वसईस वेढा घातला, सुरुंगांनीं बुरूज उडविले, आणि दोन्ही बाजूंचीं माणसें मोठ्या संख्येनें पडल्यावर मे महिन्यांत किल्ला शरण आला. महाराष्ट्राच्या इतिहासांत हा विजय सुवर्णाक्षरांनीं लिहिला जातो, आणि आम्ही मराठी बोलणारी माणसें तो तसा वाचतांना अभिमानानेंच वाचतों. पण आमच्या घरांत त्याच वर्षाची दुसरीही एक बाजू सांगितली जाते. तहानुसार पोर्तुगीज सैनिक, सरदार व त्यांचे संन्यासी जहाजांत बसून निघून गेले. ज्यांचीं जहाजें होतीं ते गेले. ज्यांचीं शेतें होतीं ते राहिले. किल्ल्यांतील देवळांचीं छपरें हळूहळू कोसळलीं, वेदींवर झाडें उगवलीं. आज तेथें जाणारास ज्या उंच कमानी दिसतात, त्यांच्याखालीं पुन्हां नियमानें घंटा वाजली नाहीं.

त्या घंटांचें पुढें काय झालें, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. तरी मुलांसाठीं सांगतों. विजयाची खूण म्हणून मराठे सरदारांनीं त्या दूरदूर नेल्या व देवालयांस अर्पण केल्या. भीमाशंकराच्या देवळापुढें टांगलेल्या मोठ्या घंटेवर १७२९ हें साल व बाळ येशूसह मरियामातेची आकृति आहे. नाशिकास गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळाची घंटा १७२१ सालची. वांईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यापाशीं घाटावरील देवळांतली १७०७ सालची. आम्हांपैकीं कित्येकांनीं भीमाशंकरीं जाऊन ती घंटा पाहिली आहे. मनांत प्रथम थोडी कालवाकालव होते, हें लपवूं नये. परंतु तेथल्या भाविकांनीं ती फोडली नाहीं, वितळविली नाहीं, तिच्यावरील माता व बालक खरवडून टाकलें नाहीं. अडीचशेंहून अधिक वर्षें ती देवाच्याच दारीं वाजत आली, हें पाहून मन निवतें.

घंटा गेल्या, संन्यासी गेले. मग मंडळीस सांभाळलें कोणीं? येथें इतिहासानें एक मार्मिक न्याय केला आहे. पोर्तुगीज अमदानींत मोठमोठ्या संन्यासी संघांनीं देशी माणसास आपल्यांत घेण्याचें बहुधा टाळलें होतें. काळ्या कातडीच्या पुरोहितास दुय्यम मानीत. आणि गोरे संन्यासी गेल्यावर ज्यांनीं या खेड्यांतून मिस्सा केली, मुलांस बाप्तिस्मा दिला व मृतांस माती दिली, ते गोंव्याकडून आलेले हेच काळे, देशी पाद्री होते. १७६० च्या सुमारास आंकतील द्यु पेरों नांवाचा फ्रेंच विद्वान साष्टींतून प्रवास करीत गेला. मराठ्यांच्या राज्यांत ख्रिस्ती लोक आपले सण व मिरवणुका उघडपणें करतात, आणि ठाण्याच्या एका सणास कित्येक हजार लोक जमले होते, असें त्यानें लिहिलें आहे. राज्यकर्त्यांच्या सहिष्णुतेची ही साक्ष आहे, आणि त्या हजारों लोकांच्या निष्ठेचीही. कांहीं कुटुंबें या काळांत जुन्या धर्मांत परत गेलीं. त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. तींही आपलींच भावंडें, एकाच बांधाच्या पलीकडचीं.

परंतु पाद्री थोडे आणि गांवें पुष्कळ. वर्षांतले कितीतरी रविवार मिस्सेवांचून जात असतील. अशा वेळीं धर्म घरांत राहिला. संध्याकाळीं दिवा लागला कीं कुटुंबांतली वडील बाई माळ हातीं घेई आणि शेतांतून आलेले पुरुष, पोरेंबाळें तिच्या मागें प्रार्थना म्हणत. त्या प्रार्थनांत लॅटिन व पोर्तुगीज शब्द असत, आणि म्हणणारांस त्यांतल्या अर्ध्यांचा अर्थ लागत नसे. यावर आजचीं शिकलेलीं मुलें हंसतात. आम्हांस हंसूं येत नाहीं. अर्थ न कळतांही जें इतक्या प्रेमानें जपलें, त्यांत समजुतीपेक्षां मोठें कांहींतरी होतें.

मात्र सगळेंच परक्या शब्दांत होतें असेंही नव्हे. गोंव्यास फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं छापलेलें ख्रिस्तपुराण सर्वांस माहीत आहे. आमच्या उत्तर कोंकणांत त्याहून अधिक तोंडीं बसलें तें फ्रान्सिस्को वाझ दि गिमाराइंश यांचें १६५९ सालचें पुराण. तें येथल्या साध्या बोलींत होतें, आणि उपवासाच्या दिवसांत येशूच्या दुःखसहनाची कथा त्यांतून म्हटली जाई. विद्वानांनीं त्याच्या भाषेस अशुद्ध म्हटलें तर खुशाल म्हणावें. तुकोबांचे अभंग खेड्यांतल्या हिंदु बांधवांस ज्या ओढीनें ओढून घेत, त्याच ओढीनें हें पुराण आपल्या आजे-पणज्यांस अंगणांत बसवून ठेवीत असे.

दुसरा आधार म्हणजे बाप्तिस्म्याचें नातें. मूल जन्मलें कीं त्यास धर्मपिता व धर्ममाता लागत. ते बहुधा भावकींतले वा शेजारचे असत, आणि त्या दिवसापासून मुलाचे आईबाप व धर्मपिता एकमेकांस सख्ख्या सोयऱ्यासारखे होत. आईबाप मेले तर मूल धर्मपित्याच्या घरीं वाढे. लग्नांत त्याचा मान पहिला असे. या नात्यास पोर्तुगिजांत ‘कोंपाद्रे’ म्हणत. आपल्याकडील सामवेदी ख्रिस्ती लोकांस ‘कुपारी’ हें जें नांव पडलें, तें याच शब्दावरून आलें असें मानतात. म्हणजे एका अख्ख्या समाजाचें नांव कोणा राजावरून वा मुलखावरून पडलें नाहीं. दुसऱ्याच्या मुलाची जबाबदारी आपण घेतों या नात्यावरून पडलें! आपल्या तरुणांनीं आपल्या कादोडी बोलीची लाज बाळगण्यापूर्वीं या एका शब्दाचा विचार करावा. वाडवळ, कोळी, सामवेदी अशा आपल्या निरनिराळ्या जमाती. त्यांच्यांतले रीतीरिवाज वेगळे, लुगडें नेसण्याची तऱ्हा वेगळी, आणि खरें सांगायचें तर एकमेकांकडे सोयरीक करण्याची नाखुषी पुष्कळ दिवस टिकली. एकाच वेदीपाशीं गुडघे टेंकून जातीची रेघ मात्र राखावी, हा आमच्या पूर्वजांचा दोष होता. तो अजून पुरता धुतला गेलेला नाहीं.

परदेशी राज्य गेलें तरी त्याचे शब्द मागें उरले, आणि केवळ आपल्याच घरांत नव्हेत. चावी, पाव, पगार, साबण, बटाटा हे शब्द पुण्याच्या पेठेंतले गृहस्थही उच्चारतात. तेव्हां आपल्या डिसोझा, परेरा, लोपीस, तुस्कानो या आडनांवांस कोणी परकीं म्हटल्यास फार वाईट वाटून घेऊं नये. चावी आपली झाली, तसा परेराही झाला.

१८०२ सालीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला तो याच वसईंत. १८१८ सालीं पेशवाई संपली. पुढील शंभर वर्षें पोर्तुगालच्या पाद्रोआदोचे व रोमच्या प्रोपगांडाचे धर्मगुरू हक्कांसाठीं भांडत राहिले. त्या वादाचे कागद ढिगांनीं आहेत. त्यांत शिरण्याची आम्हांस इच्छा नाहीं. भांडण वर होत होतें, खालीं शेतें नांगरलीं जात होतीं. १८८६ सालीं आपण दमण धर्मप्रांतांत, १९२८ सालीं मुंबईंत, आणि २२ मे १९९८ रोजीं आपला स्वतंत्र वसई धर्मप्रांत झाला, तेव्हां बिशप थॉमस डाबरे पहिले धर्माध्यक्ष झाले. इतकें सांगितलें म्हणजे पुरे.

शेतांविषयीं मात्र थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण आपल्या देवळांचा खर्च शेतांनीं सोसला आहे. पहांटे विहिरीवर बैल जुंपून रहाट सुरू व्हावा आणि त्याच्या कुरकुरीबरोबर देवळाची घंटा ऐकूं यावी, ही या भागांतील कितीतरी पिढ्यांची सकाळ होती. पानवेली, भाजी, फुलें, केळीं हें येथलें धन. आगाशीकडील राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळवून केलेलीं सुकेळीं दूरवर जात. १८६७ सालीं विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली आणि मुंबईचा बाजार आमच्या दारीं आला. टोपल्या घेऊन काळोखांत स्टेशन गांठणाऱ्या लुगडेंवाल्या बायांनीं मुंबईच्या कितीतरी घरांस भाजी व फुलें पुरविलीं. दिवस उगवण्यापूर्वीं निघायचें, दुपारीं परतायचें, पदराच्या गांठीस बांधलेल्या नाण्यांतून मुलाची फी काढायची आणि एक नाणें देवळाच्या पेटींत टाकायचें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या अशा बायांच्या पोटीं शिक्षक, डॉक्टर, धर्मभगिनी व धर्मगुरू निपजले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढील वर्षांत, मिस्सा मराठींत झाली. आजीनें अर्थावांचून जपलेली प्रार्थना नातवास प्रथम अर्थासह ऐकूं आली. मंडळीच्या चारशें वर्षांत याहून मोठी घटना आम्हांस दिसत नाहीं. त्याचें फळ लवकरच पाहावयास मिळालें. नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुवार्ता’ मासिकाचें संपादन केलें, बायबल सुबोध मराठींत आणलें, आणि त्या ग्रंथास २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादेस त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हां ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून कांहींनीं नाकें मुरडलीं. पण संमेलन पार पडलें. २५ जुलै २०२४ रोजीं ते देवाघरीं गेले. वसईचें पाणी व हिरवाई वांचविण्यासाठीं गेल्या शतकाच्या अखेरीस जो लढा झाला, त्यांतही ते सर्वांच्या पुढें होते.

तो लढा पुरता जिंकला गेला नाहीं. जेथें पानवेली होत्या तेथें इमारती आल्या, गोड्या विहिरी टँकरांनीं उपसल्या, कांहींचें पाणी खारट झालें. दोष बाहेरच्यांवर ढकलणें सोपें आहे. परंतु जमीन विकणारे हात कित्येकदां आपलेच होते. १७३९ सालीं शेतें होतीं म्हणून आपण राहिलों, असें आम्हीं वर लिहिलें. आतां शेतें नाहींत. मुलें आखातांत, कॅनडांत, ऑस्ट्रेलियांत आहेत. नाताळच्या रात्रीं दूरध्वनीवर चेहरा दाखवितात, आणि त्यांच्या मुलांस कादोडी तर राहोच, मराठीही नीट येत नाहीं. या नव्या पिढीस कोणता धागा बांधून ठेवील, हा प्रश्न सध्यां पुष्कळ आईबापांस रात्रीं झोंप येऊं देत नाहीं. आम्हांसही त्याचें तयार उत्तर सुचत नाहीं. दुसऱ्याच्या लेंकराची जबाबदारी घेण्याची ती जुनी चाल परदेशांतही चालूं शकेल, एवढें मात्र दिसतें. तेथें एकमेकांच्या मुलांचे धर्मपिता झालेलीं आपलीं कुटुंबें आहेत.

महोत्सवाच्या निमित्तानें एक विनंति करतों. ज्यांच्या माळ्यावर वा पेटींत जुनीं प्रार्थनापुस्तकें, पुराणाच्या वह्या, लग्नाचे वा बाप्तिस्म्याचे कागद, जुनीं छायाचित्रें असतील, त्यांनीं तीं रद्दींत न घालतां धर्मग्रामाच्या कचेरींत आणून दाखवावीं. नक्कल करून घेऊन मूळ प्रत परत दिली जाईल. आणि ज्यांच्या घरीं ऐंशींच्या पुढल्या आज्या आहेत, त्यांनीं एखाद्या संध्याकाळीं त्यांच्यापाशीं बसून, उपवासकाळीं त्यांच्या आईच्या वेळीं काय म्हणत असत, तें विचारून लिहून घ्यावें. चाल आठवत असेल तर तीही.